कुंतीचा उपास

आमच्या घरी एका झाडाला पाणी घालायला बंदी होती, आणि ती बंदी मीच घातली होती.

झाड कुंतीचं. बारमाही हिरवं, पांढऱ्या फुलांचं. आईचे गुडघे गेले म्हणून तिला धरणाजवळच्या गावातून आमच्या खरवईच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा परसातली कुंती तिने मुळासकट सोबत घेतली. (भांडी विसरली, कुंती नाही!) तांबडी माती, शेणखत, गॅलरीतलं सकाळचं ऊन, सगळं दिलं. कुंती नुसती पानं काढत सुटली. आईने खाट कुंडीशेजारीच टाकली होती. ती पानांत नाक खुपसायची आणि डोळे मिटून कुठेतरी लांब जायची.

एके दिवशी म्हणाली, "हिला फूल आला तं मी रहीन. नाय तं पेरणीला गावाला जाईन. त्या वासाबिगर मना झोप नाय येत."

गावच्या घरात ती एकटी, आणि ते गुडघे!

नर्सरीवाल्याने उपाय सांगितला, "साहेब, ताण द्या. तीन आठवडे पाणी बंद, मग भरपूर पाणी. फुलणारच!"

मी घरात फर्मान काढलं, "खबरदार, थेंबभर पाणी घालाल तर!"

"पप्पा, बेचारी प्यासी मर जाएगी यार!" मुलगी पिंकी कळवळली.

"शिस्त म्हणजे शिस्त!" मी गरजलो.

दोन आठवडे झाले. कुंती सुकायचं सोडून जास्तच तुकतुकीत दिसू लागली! (मी नर्सरीवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.)

मग एका पहाटे मी मांजराच्या पावलांनी गॅलरीत गेलो. हातात पेला होता. (रोज एकच पेला! जीव आहे हो तिलाही!) तिथे बायको तांदळाच्या धुवणाचं पातेलं घेऊन उभी, आणि मागून पिंकी शाळेची बाटली घेऊन आली.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"तू?" मी म्हणालो.

खाटेवरून आईचा आवाज आला, "रांगेत या, रांगेत. रोज तिघांचा पानी पितेय ती. फुलंल कशाला? सुखात हाय!"

त्या दिवसापासून आईने कुंडी उशाशी घेतली आणि पहारा बसवला. पानं मलूल झाली, माझंही तोंड सुकलं. नव्याने मोजलेले तीन आठवडे भरल्यावर तिने स्वतः बादलीभर पाणी ओतलं.

नंतर एका सकाळी वासानेच जाग आली. गॅलरी पांढरीशुभ्र! पाकळ्या आईच्या गोधडीवर, केसांत. आठ वाजून गेले तरी ती गाढ झोपली होती, चेहऱ्यावर अख्खं गाव घेऊन. मला भरून आलं. आई राहणार होती!

आनंदाच्या भरात मी पेला भरला आणि चवड्यांवर कुंडीपाशी गेलो.

डोळे न उघडता आई म्हणाली, "गिलास खाली ठेव."

घराला शिस्त लावणाऱ्या मी ते पाणी मुकाट्याने स्वतःच पिऊन टाकलं.