तारेला कसला आलाय आवाज

त्याचं खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीपलीकडे कोणी वापरत नसे. वीजवाहिनीच्या कामावर सगळे त्याला पटवेकर म्हणत, कारण लोकांना पटवणं हेच त्याचं काम. इंजिनिअर नकाशावर रेघ मारून मोकळे व्हायचे. ती रेघ ज्यांच्या कुरणातून, परसातून, बागेच्या कोपऱ्यावरून जायची, त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं ते पटवेकराने. चहाला नाही म्हणायचं नाही, घरच्या कुत्र्याशी आधी दोस्ती करायची आणि समोरचा कितीही तापला तरी आपण आवाज चढवायचा नाही, हे त्याचे नियम. जिभेवर साखर होती हे खरं, पण माणूस लबाड नव्हता. निदान तोवर तरी नव्हता.

कामही खोटं नव्हतं. टेकडीवर पवनचक्क्या वाढत चालल्या होत्या आणि वीज खाली आणणारी वाहिनी होती तीच, जुनी आणि तोकडी. वारा मनासारखा सुटला की नेमका कंट्रोल रूमचा फोन यायचा, चक्क्या थांबवा, तारा भरल्या. जेवायला बसवून पुढचं ताट उचलावं तसला हा प्रकार. वारा सुटलेला असताना थांबलेली पाती पाहिली की पटवेकराचा जीव तुटे. नवी, मोठी वाहिनी झालीच पाहिजे, असं तो पगारासाठी म्हणत नव्हता, त्याला ते मनापासून वाटत होतं.

आता गंमत बघा. नव्या वाहिनीच्या वाटेत एके ठिकाणी डावीकडे शाळा आली, उजवीकडे दलदल आली, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आलं एकच घर. ते होतं पटवेकराच्या सख्ख्या मावशीचं.

मावशी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, हातात वायरी. निवृत्त झाली आणि काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पण तिचं फारसं काही अडलं नाही, कारण ती पूर्वीपासून कानांनीच बघायची. दुधाची गाडी, पोस्टमनची सायकल, समोरच्या दुकानाचं शटर, सगळं तिला व्हरांड्यातल्या खुर्चीवरून कळायचं. पटवेकर शाळेची सगळी वर्षं तिच्याकडे राहिलेला. त्याची स्कूटर वळणावर आली की ती चहाचं आधण ठेवी. फाटकाची कडी वाजल्यावर "कोण?" असं तिने त्याला जन्मात विचारलं नव्हतं.

तो कागद घेऊन गेला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"काय रे, आवाज येईल का तिचा?"

पटवेकराला उत्तर ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी इंजिनिअरने सांगितलं होतं की एवढ्या दाबाच्या तारा दमट हवेत गुणगुणतात, धुक्यात तडतडतात, हे लोकांना आधीच सांगून टाका. आणि तो सांगतही होता. प्रत्येक दारात न चुकता सांगत होता. पण बाकीच्यांना तो आवाज म्हणजे कटकट, आणि मावशीला म्हणजे डोळ्यांवर पडदा. खरं सांगितलं तर ती नाही म्हणेल, आणि ती नाही म्हणाली की सगळी वाहिनी अडली.

"तारेला कसला आलाय आवाज, मावशी?" तो म्हणाला.

"मग घाल बाबा," मावशी हसली. "माझं अख्खं आयुष्य तारांवरच गेलंय. आणखी चार डोक्यावरून गेल्या तर काय बिघडलं?"

सही कुठे करायची ते तिला दिसत नव्हतं. त्याने तिचं बोट धरून कागदावर नेमक्या जागी टेकवलं.

मनोरे उभे राहिले, तारा ओढल्या, वीज सोडली. ऊन होतं तोवर सगळं शांत होतं, आणि पटवेकरही शांत होता. मग हवा बदलली. एका ओलसर सकाळी तो मावशीकडे गेला आणि फाटकातच थबकला. वर तारा भाजणीतल्या दाण्यांसारख्या तडतडत होत्या आणि तडतडीखाली एक जाड, न तुटणारा घूं घूं आवाज चालू होता. व्हरांड्यातली खुर्ची जागेवर नव्हती. मावशी आतल्या खोलीत, दार लावून, रेडिओ मोठा करून बसली होती.

"बाहेर गारठा असतो आताशा," ती म्हणाली. एवढंच. तक्रारीचा एक शब्द नाही. तिने कडाकडा बोटं मोडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर पटवेकराला अन्न गोड लागलं असतं. त्याने चहा कसाबसा घशाखाली ढकलला आणि मान खाली घालून निघाला.

त्या दिवसापासून त्याची साखर बिघडली. जे मावशीपासून लपवलं ते परक्यांना सांगताना त्याची जीभ अडखळू लागली. मग त्याने आवाजाचं वाक्य गाळूनच टाकलं. पुढच्या वस्तीतले लोक ऐकीव गोष्टींनी बिथरले होते, तर हा म्हणून गेला, "अहो, माझ्या सख्ख्या मावशीच्या परसावरून गेलीय वाहिनी! जाऊन विचारा तिलाच."

तोंडातून निघालं ते निघालं. मावशीच्या समोरचा दुकानदार त्या वस्तीचा जावई होता; दुकानाच्या गडबडीत त्याला स्वतःला तारांचं फारसं काही जाणवलं नव्हतं. त्याने सासऱ्यांना आणि आणखी दोघातिघांना घेऊन यायचं ठरवलं. दिवस मात्र पटवेकराने निवडला, कडकडीत उन्हाचा, टळटळीत दुपारचा. तारा अगदी गप्प होत्या.

"बाई, खरं काय ते सांगा," दुकानदाराच्या सासऱ्यांनी विचारलं. "आवाज येतो का हो?"

मावशीने तोंड वळवलं ते विचारणाऱ्याकडे नाही, पटवेकराकडे. तो कुठे उभा आहे हे त्याच्या श्वासावरून तिला कळलं असणार.

"मी एक्स्चेंजवर होते," ती म्हणाली. "तारेवर जे ऐकू येतं ते बाहेर सांगायचं नाही, अशी शिस्त होती आमची."

सगळे खो खो हसले. काय पण मिस्कील म्हातारी! सासरे म्हणाले, चला, शंका फिटली, आम्ही सह्या देतो. दुकानदाराने सगळ्यांना सरबत पाजलं. पटवेकरही हसला, हसावंच लागलं, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तो जाणूनबुजून खोटं बोलला हेही ठाऊक होतं. आणि तिने खोटं न बोलता त्याचं खोटं पाठीशी घातलं होतं, लहानपणी त्याने काचा फोडल्या की त्याला पाठीशी घालायची तसं.

पुढच्या वस्तीच्या सह्या ज्या सकाळी व्हायच्या होत्या, त्या सकाळी दाट धुकं पडलं. पटवेकर कागद पिशवीत घालून वस्तीकडे निघाला खरा, पण वळणावर स्कूटर आपसूक मावशीच्या रस्त्याला लागली. रात्रभर मनाशी घोळवलेलं वाक्य त्याच्या ओठांवर होतं. आधी तिला सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.

मावशी दारातल्या पायरीवर उभी होती. वर तारा नुसत्या तडतडत होत्या. त्याने स्कूटर लावली, कडी काढली, खडीवरून चालत तिच्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला. मावशी दचकली आणि चौकट घट्ट धरून म्हणाली,

"कोण? कोण आहे?"



"मी," तो पुटपुटला.

"मी म्हणजे कोण?"

"मावशी, मी गं." त्याने तिचा हात धरला. पुढचं सगळं कसंबसं, खालच्या पट्टीत बाहेर पडलं. "तारेला आवाज असतो. मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाच माहीत होतं."

हाताच्या स्पर्शाने तिला ओळख पटली. चेहरा निवळला. पण तिने मान तिरकी करून कान पुढे केला.

"मोठ्याने बोल रे बाबा. काही ऐकू येत नाही."

समोरचा दुकानदार शटर वर करता करता थांबून इकडेच बघत होता. पिशवीत वस्तीचे कागद होते. पटवेकराने एकदा मागे वळून पाहिलं, मग मावशीकडे तोंड केलं, आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला.