बोटीवरचा कोरडा माणूस

सर डोळे मिटायचे, खाली वाकायचे आणि डावा कान मुलाच्या तोंडासमोर धरायचे. "सोड श्वास. सगळा सोड." कात्रपमधल्या आमच्या पोहण्याच्या तलावावर रोज सकाळी सहाला हे चालायचं. तो आवाज ऐकल्याशिवाय ते कुणाला पाण्यात उतरू देत नसत. एखादं व्रात्य पोरगं कानात जोरात "बू" करायचं. सर डोळे न उघडता म्हणायचे, "फुप्फुस बरं आहे. चार फेऱ्या जास्त मार."

एखादी आई डॉक्टरांचा दाखला पुढे करायची. सर तो नीट घडी घालून खिशात ठेवायचे. "ताई, कागद पोहत नाही." आणि पुन्हा कान पुढे.

ते चामटोलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. उल्हास नदीत म्हशींच्या मागे पोहायला शिकलेले. पन्नाशीचं पोट चांगलंच सुटलं होतं, पण पाण्यात शिरले की ते कुठे जायचं कळत नसे. तुमच्याही भागात असा एखादा शिकवणारा असेल. त्याच्याकडे मूल सोपवून आपण निवांत बाकावर बसतो.

दर मे महिन्यात सर आठवी ते दहावीच्या मुलांना तारकर्लीला नेत. सकाळी शिडाची होडी, मग स्कूबा. चार वर्षं नेली, पण स्वतः एकदाही खाली उतरले नाहीत. "बोटीवर आपला एक माणूस कोरडा पाहिजे," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला गाठलं.

"साहेब, यंदा तुम्ही चला. तुम्हाला पोहता येत नाही, म्हणजे तुम्ही नक्की कोरडे राहणार. मी जरा खालची जमीन बघून येतो."

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चार बोल्ट कमी भरले तरी ते सापडेपर्यंत घरी निघत नाही. म्हणून चौदा मुलांचे आरोग्याचे फॉर्म भरायचं कामही माझ्याकडेच आलं. तेरा घरी फोन करून एकेक प्रश्न विचारला आणि सांगितलं तेच लिहिलं. चौदावी माझी मुलगी, प्रज्ञा. तिला सहाव्या वर्षापासून दमा आहे. तेव्हा अकरा महिन्यांत त्रास झाला नव्हता आणि वर्षभर ती मोबाइलवर समुद्राखालचे मासे बघत होती. फॉर्मवर दम्याच्या प्रश्नापुढे मी "नाही" लिहिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

होडीवर मुलं शिडाची दोरी ओढत होती, वारा चांगला होता. प्रज्ञा पुढच्या टोकाला बसून खारे शिंतोडे अंगावर घेत होती. अकरा वाजता आम्ही डायव्हिंगच्या बोटीवर आलो. हवेची टाकी पाठीवर चढवण्याआधी सरांनी नेहमीसारखं एकेकाला समोर घेतलं. आठव्या नंबरला प्रज्ञा.

सर बराच वेळ वाकलेलेच राहिले. "परत सोड." तिने सोडला. "अजून एकदा." मग उभे राहून हळू म्हणाले, "शिट्टी वाजतेय गं. दम्याचा पंप आणलायस ना?"

तिने पिशवीतून पंप काढला. बोटीवरच्या प्रशिक्षकाने ते पाहिलं आणि फॉर्मांचा गठ्ठा उघडला. मालवणचा तरुण, मघापर्यंत मुलांशी मस्करी करत होता.

"ह्यो फॉर्म कोणी भरलो?"

मी हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं.

"मी भरला," सर म्हणाले. "चुकलं."

"चुकलां? ह्या चेडवाक खाली काय झाला असता तर? पुढच्या वर्षाक तुमची पोरां मी घेवचंय नाय."

सर मान खाली घालून ऐकत राहिले. त्या दोघांची चार वर्षांची ओळख होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तोंड मिटलं.

बाकीची तेरा मुलं एकेक करून खाली जाऊन आली. वर आली की सगळी एकदम बोलत. प्रज्ञा पंप घेऊन सावलीत बसली होती, सर तिच्याशेजारी. दोघं काहीतरी बोलत होते, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. शेवटी प्रशिक्षकाने जरा नरमून हाक मारली, "सर, येतास ना? तुमचो नंबर."

"आज राहू दे," सर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांना सांगायचं होतं. मुलं गात होती. नंतर तलावावर रोज भेटत होतो. आज सांगू, उद्या सांगू, असं दीड वर्ष गेलं. पुढच्या मे महिन्यात सहल निघाली नाही. मुलांनी कारण विचारलं तर सर म्हणायचे, "नदी काय वाईट आहे?"

या जानेवारीत ते गेले. पहाटे तलावावर निघताना, घराच्या ओट्यावरच.

दहाव्याला मी आणि प्रज्ञा चामटोलीला जाऊन आलो. येताना कात्रपच्या अलीकडे पेट्रोल पंपावर गाडी रांगेत लावली. तिथे मी तिला फॉर्मचं सांगून टाकलं. आवाज साधाच होता, बाजाराची यादी सांगावी तसा.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "सरांनाही माहीत होतं. बोटीवर मीच सांगितलं त्यांना, ते 'नाही' तुम्ही मुद्दाम लिहिलं म्हणून."

"मग?"

"म्हणाले, बाबांना याचं काही विचारू नकोस. ते स्वतःच सांगतील मला."

पुढची स्कूटर हलली. मी गाडी ढकलत मशीनपाशी नेली आणि टाकीचं झाकण उघडलं. नळी हातात धरून पंपावरच्या बाईंनी विचारलं, "किती?"

मी दोनशे म्हणालो आणि तेवढे त्यांच्या हातात दिले.