कटोरीतले तीन पाचू

विनया पळसुले शाळेत कधी दुसरी आली नाही. तिच्या मागच्या बाकावरच्या एकाही मुलीला दहा वर्षांत तिच्या उत्तरपत्रिकेतला एक शब्द दिसला असेल तर शपथ. डावा हात कोपरापासून आडवा टाकायचा, त्याच्या आड मान खुपसायची आणि लिहीत सुटायचं, ही तिची रीत. ती घरातूनच आलेली. वडील वसंतराव विमा कंपनीत अधिकारी, मूळचे मिरजेचे, बदली होऊन जयपूरला आले आणि सोडाला भागात घर घेऊन इथलेच झाले. परीक्षेच्या बाबतीत त्यांचे दोनच नियम होते. आपला पेपर कुणाला दाखवायचा नाही आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. "येत नसलं तरी काहीतरी लिही. कोऱ्या जागेला कुणी मार्क देत नाही," असं ते सांगायचे. पोरीने हे दोन्ही नियम इतके इमानाने पाळले की भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिला सुवर्णपदक मिळालं, आणि तिच्या आईने, मधुमतीबाईंनी, ते देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवून दिलं.

पण देव्हाऱ्यातलं पदक काही नोकरी आणून देत नाही. दोन हजार तीन साल उजाडलं तरी विनया घरीच होती. वसंतरावांनी बी.एड.ची चौकशी सुरू केली. शिक्षिकेची नोकरी कशी सुखाची, हे ते जेवताना रोज सांगत. विनयाला मात्र दगडांचं वेड. तिने खटपट करून चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका पाचूच्या कारखान्यात निवडकामाची जागा मिळवली. तीन महिने कच्ची नोकरी, मग काम पसंत पडलं तर पक्की.

"तीन महिने बघ," वसंतराव म्हणाले. "त्यांनी ठेवलं तर ठीक. नाहीतर मे महिन्यात मुकाट्याने बी.एड.चा फॉर्म भरायचा."

"चालेल, बाबा," विनया म्हणाली. आजवर ती कुठल्या परीक्षेत नापास झाली होती, म्हणून घाबरायचं?

कारखाना म्हणजे एका गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खाली पांढऱ्या गाद्या, गाद्यांवर आठ माणसं. प्रत्येकापुढे पांढरा कागद, चिमटा आणि हिरव्या पाचूंचा ढीग. रंग, चमक, आतल्या भेगा बघून खडे वेगळे करायचे आणि प्रतीप्रमाणे पुड्या बांधायच्या. ट्यूबलाइटखाली पाचू खोटं बोलतो, म्हणून सगळं काम सकाळच्या उजेडात. या खोलीचे प्रमुख अय्यूब मियाँ. त्यांची शाळा चौथीत सुटलेली, पण त्यांनी खडा नुसता वर धरला तरी सगळे गप्प होत.

गाद्यांच्या मधोमध एक पितळी कटोरी असे. ज्याला ज्या खड्याची प्रत ठरवता येत नसेल, त्याने तो त्यात टाकायचा. चहाच्या आधी कटोरी खिडकीशी जायची आणि आठही जणांची नजर एकेका खड्यावरून फिरायची. तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं बिनदिक्कत कटोरीत खडे टाकत. विनयाला ते बघूनच कसंतरी होई. एवढ्या वर्षांत एवढंही येत नाही यांना? पहिल्या तीन आठवड्यांत तिचा एकही खडा कटोरीत पडला नाही. अडलं की ती अंदाजाने ठरवी आणि पुढे जाई. वर डावा हात कागदाभोवती आडवा होताच.

शेजारच्या गादीवरची भँवरी जीजी एकदा हसून म्हणाली, "बाईसा, हम चोर हैं क्या?"

विनयाने हात काढला. दोन मिनिटांनी तो आपोआप परत तिथेच गेला.

चौथ्या आठवड्यात तिच्या हातची एक पुडी ग्राहकाकडून परत आली. पहिल्या प्रतीच्या खड्यांत चार खडे दुसऱ्या प्रतीचे. अय्यूब मियाँनी पुडी सगळ्यांसमोर उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा पेपर असा चारचौघांत उघडा पडला होता.

"इन चारों पे शक नहीं हुआ?" त्यांनी विचारलं.

"हुआ था."

"फिर पूछा क्यों नहीं?"

विनयाच्या तोंडून खरं तेच निघालं. "मतलब... पूछना तो नकल होती है ना."

खोलीत हशा पिकला. अय्यूब मियाँ तेवढे हसले नाहीत. "बेटा, इम्तिहान का परचा तेरा अपना होता था," ते म्हणाले. "ये पत्थर तेरे नहीं हैं." आणि त्यांनी ते चार खडे तिच्याच हाताने कटोरीत टाकायला लावले.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने कुणाला काही सांगितलं नाही. वसंतराव गॅलरीत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक वाचत बसले होते. ती आली तसं त्यांनी ते मिटलं. "ऑफिसचं आहे," म्हणाले. तिच्या डोक्यात आपलंच चाललेलं, तिने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या डाव्या हातावर बसू लागली. खरंच, मांडीखाली दाबून! भँवरी जीजीची हसून हसून पुरेवाट झाली. पण शाळेचं सगळंच काही फुकट गेलं नव्हतं हो, तेही सांगायला हवं. तीन-तीन तास मान वर न करता बसायची सवय शाळेचीच, आणि पुड्यांवरचं मोत्यासारखं अक्षरही. एकदा एका खड्याच्या पोटात चमत्कारिक रेघा दिसल्या, तेव्हा अय्यूब मियाँ तो घेऊन सरळ तिच्यापाशी आले. "तूने तो पढ़ा है. ये क्या चीज़ है, समझा." तिने समजावलं आणि ते मन लावून ऐकत राहिले. साठीचा माणूस चोवीस वर्षांच्या मुलीला भर खोलीत विचारतो आणि त्याचं काही कमी होत नाही, हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिची पारख झाली. साठ खडे, अकरापर्यंतचा वेळ. सत्तावन्न खड्यांच्या पुड्या तिने नीट बांधल्या. उरलेले तीन ती फिरवून फिरवून बघत राहिली. अंदाजाने टाकून द्यावेत कुठेतरी, कुणाला कळणार आहे? कोऱ्या जागेला मार्क नसतात. बी.एड.चा फॉर्म घरी टेबलावर येऊन पडला होता. तिने चिमटा उचलला आणि तिन्ही खडे कटोरीत टाकले.

अय्यूब मियाँनी पुड्या तपासल्या. मग कटोरी घेऊन ते खिडकीशी गेले, एकेक खडा कितीतरी वेळ बघितला आणि तिन्ही परत कटोरीतच ठेवले.

"ये मुझसे भी नहीं होते," ते म्हणाले. "सोमवार को सब मिलके देखेंगे. और सोमवार से तेरी गद्दी यहाँ, खिड़की के पास."

घरी संध्याकाळचा चहा चालला होता. वसंतरावांनी सवयीने विचारलं, "कितीपैकी किती?"

"साठपैकी सत्तावन्न. तीन कोरे सोडले, बाबा."

"कोरे सोडले? आणि तरी ठेवलं तुला?"

"सोडले म्हणूनच ठेवलं," विनया म्हणाली, आणि कटोरीची सगळी गोष्ट तिने पहिल्यापासून सांगितली. परत आलेल्या पुडीसकट. मधुमतीबाई देवापुढे साखर ठेवायला देव्हाऱ्याकडे पळाल्या.

वसंतराव उठून आत गेले ते कव्हरवालं जाड पुस्तक घेऊन बाहेर आले. ते तिच्यापुढे टेबलावर, बी.एड.च्या फॉर्मवरच ठेवलं. आत कॉम्प्युटरची चित्रं होती.

"ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर मशीन आलंय," ते म्हणाले. "सहा महिने वाचतोय मी हे, विनू. मला काही कळत नाही. जरा दाखवतेस?"

विनयाने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. वसंतरावांचा डावा हात पानावर कोपरापासून आडवा पडला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आपणहून उचलला.