‘हो’ म्हटलं तर कुठे झोपायचं

मेलबर्नबाहेरच्या एका बालसुधारगृहात मी मेंटल हेल्थ नर्स आहे. नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलायचं, हे माझं काम. क्रम माझा मी ठरवलाय. आधी खाणं, मग झोप, मग घर. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे सगळ्यात शेवटी. त्याला बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणतात. ‘हो’ म्हटलं की निरीक्षणाच्या खोलीत जावं लागतं, हे त्यांना आधीच कळलेलं असतं. तिथे गादी, कॅमेरा आणि बंद दार. जीव वाचावा म्हणून केलेली सोय, पण मुलांना ती शिक्षा वाटते.

त्या दिवशीच्या मुलीने काकडी बाजूला काढून सँडविच खाल्लं. झोप येत नाही म्हणाली. घराचं विचारल्यावर, कुठलं घर, असं तिनेच मला विचारलं. मग मी शेवटचा प्रश्न विचारला.

“हो म्हटलं तर त्या खोलीत टाकणार ना, मिस?”

“बहुतेक.”

“मग नाही लिहा.”

मी काहीच लिहिलं नाही. तिच्याजवळ सहकाऱ्याला बसवून बाहेर आले आणि डॉक्टरांना फोन लावला. तिला तिच्याच खोलीत ठेवू, दार उघडं आणि बाहेर खुर्चीवर माणूस, चालेल का? माणूस मिळत असेल तर चालेल, म्हणाले. मग युनिटच्या इनचार्जला फोन. तिने टोमणा मारला, सकाळी बेडवर चहा पण पाठवू का? आणि कोणी मोकळं आहे का बघायला गेली.

फोन कानाला लावून मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. एकटं राहणं मला नवीन नाही. नवरा दूर कालगुर्लीच्या खाणीवर, मुलगा सिडनीला युनिव्हर्सिटीत. डँडेनॉन्गच्या आमच्या घरात रविवारी फ्रिजच्या आवाजाचीही सोबत वाटते. पण दार माझं मी उघडू शकते.

माणूस मिळाला. आत जाऊन मी तिला सगळं नीट सांगितलं.

“बाहेर तुम्ही बसणार?”

“नाही. माझी शिफ्ट संपतेय. दुसरं कोणीतरी असेल.”

“रात्रभर?”

“रात्रभर.”

तिने उघड्या दाराकडे पाहिलं.

“मग हो,” ती म्हणाली.