कपडे आत घ्या

रविवारी सकाळी एखाद्या इमारतीच्या बाल्कनीत कपडे वाळताना दिसले की मी आजही रस्त्यात थांबतो. बायको म्हणते, "अहो, रिटायर झालात ना? लोकांच्या खिडक्यांत काय बघत बसता?" तिला कारण माहीत आहे, पण टोमणा मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ते कारण म्हणजे एक जुनी केस, आणि तिच्यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. माणसं अजून आसपासच राहतात आणि प्रकरण कोर्टात आहे.

मी तेव्हा काशिमिऱ्याच्या बाजूला पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या हद्दीत एका अंगाला हायवे आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. मुंबईतली छोटी खोली विकून इथे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलेली साधी नोकरदार माणसं. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे कमरेएवढं गवत आणि गवताच्या वर, चढावर, एक आदिवासी पाडा. पाड्यातल्या बायका खाली सोसायटीत धुण्याभांड्याला यायच्या, पुरुष मीरा रोडला बिगारी कामावर जायचे.

मार्चमधला रविवार होता. दुपारी डोंगरावर वणवा लागल्याचा फोन ठाण्यात आला. अग्निशमन दलाची गाडी भिंतीपर्यंत पोचली, पण वर जायला रस्ताच नव्हता. आम्ही पायी चढलो तोवर सगळं संपलं होतं. कुडाच्या भिंती, पेंढा, वर्षाचं भात, दावणीला बांधलेल्या शेळ्या, काही उरलं नव्हतं. एका झोपडीत पायाने अधू असलेली म्हातारी जागीच गेली होती. तिला बाहेर काढायला शेजारची सून आत शिरली, ती भाजली आणि दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारली. पंचनामा माझा हवालदार लिहीत होता. तो जवळच्याच गोडदेव गावचा, भलताच घट्ट काळजाचा माणूस, पण त्या दिवशी त्याने अर्ध्यातच कागद माझ्या हातात दिला.

खबर लगेच आली, तीही आपल्या पायांनी चालत. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः ठाण्यात आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय सभ्य.

"साहेब, तुमचं काम सोपं करतो," ते म्हणाले. "वरच्या पाड्यातला एक माणूस दर वर्षी गवत जाळतो. परवासुद्धा त्याने काहीतरी पेटवलं होतं. आम्ही खिडकीतून पाहिलंय."

त्यांनी सांगितलेला माणूस म्हणजे त्या म्हातारीचा मुलगा. शनिवारी त्याने राब भाजला होता, हे खरं निघालं. पावसाआधी पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांची जागा भाजतात, त्याला राब म्हणतात. मी त्याला समोर बसवलं. मी एकही प्रश्न विचारला नव्हता, तोच तो म्हणाला, "मीच जाळलं, साहेब. माझ्या राबात इस्तू ऱ्हायला असंल. आयेला मीच मारलं."

गुन्हा दाखल झाला, अटक झाली. आईच्या अंत्यविधीला त्याला बंदोबस्तात नेऊन आणलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण ती मिळाली की ठाण्यात सगळ्यांचे खांदे सैल होतात. वरून फोन येणं थांबतं, बातमीदार आपापल्या घरी जातात. माझ्या हाताखालचा अधिकारी म्हणाला, "सर, मिटली केस." मला मात्र तो माणूस बघवत नव्हता. कोठडीत तो जेवायचा नाही. खोटं बोलणारा माणूस पोलिसाचा चेहरा वाचत असतो, आपण विश्वास ठेवतोय का ते बघत असतो. हा मान वर करतच नव्हता. त्याला सुटायचंच नव्हतं, आणि माझ्या सगळ्या नोकरीत असा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

मी पुन्हा डोंगर चढलो. माझं बालपण घाटातलं, वणवे मी लहानपणापासून पाहिलेत. आग चढावर धावते, उतारावर रांगते. त्याचा राब पाड्याच्या पार दुसऱ्या बाजूला होता. त्याच्याभोवती मातीचा बांध होता आणि राब ते जळालेला डोंगर यांच्यामध्ये गवताचा एक अख्खा पट्टा पिवळाधमक तसाच उभा होता. आगीने तो पट्टा उडी मारून ओलांडला होता की काय? मग मी जळालेल्या गवताची कड धरून खाली उतरत गेलो. काळा भाग सर्वांत खाली जिथे संपला, तिथे सोसायटीची भिंत होती.

भिंतीशी आग लागली एवढं कळलं, पण लावली कुणी? सोसायटीत विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "आम्हाला काही माहीत नाही, आम्ही घरात होतो." असं एकसुरात उत्तर आलं की माझं डोकं सटकतं. पन्नास घरांतली माणसं लिफ्टच्या वेळेवर एकमत करत नाहीत, ती इथे बरी एका सुरात बोलायला लागली!

वणव्याचा एक व्हिडिओ त्या दिवसांत सगळीकडे फिरत होता. त्याच सोसायटीच्या बाजूच्या विंगमधून कुणीतरी काढलेला. ज्वाळा नुकत्याच गुडघ्याएवढ्या झालेल्या, आणि डाव्या हाताला दुसऱ्या विंगची मागची बाजू दिसत होती. हवालदाराने तो मला दाखवला तेव्हा माझी बायको नेमकी फोनवर करवादत होती. वारा उलटल्यावर डोंगराची राख आमच्या बिल्डिंगपर्यंत आली होती. "काळे डाग पडलेत चादरींवर! रविवारचं अख्खं धुणं परत धुतलं मी." फोन कानाला तसाच धरून मी व्हिडिओ पुन्हा लावला. पाठवणाऱ्याने वेळ लिहिली होती, रविवार, सकाळचे दहा-साडेदहा. आणि त्या अख्ख्या विंगच्या मागच्या बाल्कन्यांत एक टॉवेल नव्हता. दोऱ्यांवर नुसते चिमटे. मार्चच्या उकाड्यात सगळ्या खिडक्या बंद.

"अरे, यांना आधी माहीत होतं!" मी ओरडलोच. बायको फोनवर घाबरली.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत सोसायटीत गेलो. आग, गुन्हा असला शब्द काढला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहिणीला विचारलं, "वहिनी, रविवारचं धुणं तुम्ही कधी धुतलंत?"

"शनिवारीच," त्या म्हणाल्या. "इंटरकॉमवर सांगितलं होतं ना, उद्या मागे धूर होणार आहे, कपडे आत घ्या म्हणून..." आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी समोरच्या खुर्चीत बसलो. तशा त्या रडायलाच लागल्या. "साहेब, कपडे तिनेच आत घेतले हो. ती वारली ना, ती आमच्याकडे कामाला होती. शनिवारी संध्याकाळी भांडी घासून निघाली होती. मी तिला म्हटलं, जाता जाता मागचे कपडे तेवढे काढ. का काढायचे ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्यांचा जबाब घेतला आणि पुढे सगळं भराभर उलगडलं. वॉचमनला बोलावलं. तो आधीच अर्धमेला झाला होता. "साहब, मैंने बोला था, घास काटने को आदमी लगाओ. साहब लोग बोले, टाइम नहीं है, जला दो." आदल्या आठवड्यात मागच्या भिंतीवरून बिबट्या आत आला होता आणि कुत्रं उचलून गेला होता. कॅमेऱ्यात ते दिसलं आणि सोसायटी हादरली. गवत राहिलं नाही तर बिबट्या लपणार कुठे, असा हिशोब. सकाळी वारा पडलेला होता. अकराच्या सुमारास खाडीकडून वारा सुटला आणि आग डोंगर चढायला लागली. वॉचमनने बादल्या ओतल्या, मग पळाला.

शेवटी सेक्रेटरी माझ्यासमोर बसले. या वेळीही इस्त्रीचाच शर्ट.

"साहेब, आमच्याकडे लहान मुलं आहेत. उद्या बिबट्याने एखादं मूल नेलं असतं तर तुम्हीच विचारलं असतं, सोसायटी काय करत होती?"

भीती खरी होती, ते मी मान्य केलं. मग विचारलं, "वर पाडा आहे याचा विचार केला नाही?"

"वर कोण राहतं, आम्हाला काय कल्पना?"

"वा! आणि पाड्यातला माणूस परवा काहीतरी पेटवत होता हे तुम्ही खिडकीतून पाहिलंत. तुम्हीच आलात ना सांगायला?"

त्यांनी पाणी मागितलं. ते पिऊन शर्टाचं वरचं बटण काढलं. मला दया आली नाही, खोटं का बोलू?

सेक्रेटरी आणि वॉचमनवर दोषारोपपत्र दाखल झालं. इंटरकॉम ऐकून मुकाट्याने कपडे आत घेणाऱ्यांवर कुठलंच कलम लागत नाही. पाड्यातल्या लोकांची रेशनकार्डंही झोपड्यांबरोबर जळाली होती, त्यामुळे मदतीसाठी ते किती तरी महिने तहसील कचेरीच्या दारात उभे राहिले. त्यातली काही घरं पाडा सोडून गेली, ती परत आली नाहीत.

त्या माणसाला सोडण्याचा अहवाल मी कोर्टात दिला. सुटला त्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि सगळं सांगितलं. "बाबा, तुझ्या राबाने काही झालेलं नाही. तुझ्या आईला तू मारलं नाहीस." मला वाटलं, तो रडेल, निदान सुटकेचा श्वास तरी टाकेल. त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"म्हंजे त्या लोकान्ला आदल्या दिशी ठावं व्हतं?"

"हो."

"आमची शेजारची वैनी तितंच व्हती शनिवारी. तिच्या हातानं कपडे काढले." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "साहेब, कपड्यान्ला सांगितलं. आमाला का न्हाय सांगितलं?"

तो उठून नमस्कार करून गेला. चहा तसाच राहिला होता.

या केसने मला काय शिकवलं? वाईट माणसं ओळखायला खात्याने मला शिकवलं होतं. या गुन्ह्यात तसं कुणीच नव्हतं. बायकामुलांना जपणारी, सणाला वर्गणी देणारी, कामवालीला दिवाळीला साडी देणारी माणसं होती. त्यांची ती माया भिंतीपाशी येऊन संपत होती. मला त्यांचा राग येतो, अजून येतो, आणि मीही अशाच एका सोसायटीत राहतो.

आमच्याकडेही इंटरकॉम वाजतो. आज टाकी धुणार, उद्या औषधफवारणी आहे, परवा मागचा कचरा पेटवणार, कपडे आत घ्या. मी इंटरकॉमवरच वॉचमनला विचारतो, "भिंतीपलीकडे सांगितलंस का?" तो हसून म्हणतो, "साहब, उधर तो कोई नहीं रहता."

मग मी चपला घालतो आणि बघून येतो.