शांतम्माचा विटाळ

तामलवाडीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत शांतम्मा सुईण सगळ्यांत मागं बसायची आणि प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की उठून बाहेर जायची. म्हातारीला भारी तोरा आहे, असं मला वाटायचं. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली तरी हिचा नवाबी रुबाब काही उतरत नाही, असं मी चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा सोलापूरहून यायचे, तुळजापूरच्या यात्रेकरूंनी भरलेल्या गाडीत अंग चोरून. ते नवे होते, म्हणून तिचं हे उठून जाणं त्यांच्या नजरेत आलं. एका रविवारी त्यांनी भाकरीचं ताट तसंच ठेवलं आणि तिच्या मागोमाग बाहेर गेले. मीही गेले. मला राहवतंय होय!

"शांतम्मा, तुम्ही प्रभुभोजन का घेत नाही?"

"विटाळ हाय, साहेब. नबीलालची सून परवाच मोकळी झाली. धा दिस फिटत न्हाय."

"आणि गेल्या महिन्यात?"

"तवा कोंडीरामाची लेक." ती खाली बघत म्हणाली, "आजूबाजूची समदी गावं माझ्याच हातावर. धा दिस मोकळे कदी मिळतच न्हायत. बाप्तिस्मा होऊन चौदा वर्सं झाली, एकडाव बी घेतलं न्हाय. लई वाटतं घ्यावं, पर देव पवित्र हाय. असल्या हातानं त्याच्या ताटाला कसं शिवू?"

चौदा वर्षं ही बाई अशी दाराबाहेर उभी राहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "रक्तानं माखलेलं लेकरू उचलताना तुम्हाला किळस येते?"

"किळस कशाची? म्या उचललं न्हाय तर मरंल की ते."

"मग देव तुमच्याहून कमी मायाळू आहे का?"

शांतम्मा म्हणाली, "पर साहेब, म्या नुसतं उचलत न्हाय. तसंच घाणीत ठिवत बी न्हाय. धुऊन काढते, किती बी रडू दे."

"तोही," पाळकसाहेब एवढंच म्हणाले.

शांतम्मा आत आली. तिनं ओंजळीत भाकर घेतली आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली. मग ताट माझ्यापुढं आलं. इतकी वर्षं मी ती भाकर पानसुपारीसारखी उचलत आले होते. त्या दिवशी हात पुढं होईना.

शांतम्मानं मला कोपरानं ढोसलं. "घे की गं. तुला कसला विटाळ?"