एकीनं सांगायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं

"शून्य? अहो बाई, शून्य कसं येईल? सगळी उत्तरं तर मीच सांगितली होती!"

"हळू बोल गं. पार प्राचार्यसाहेबांच्या खोलीपर्यंत जातोय आवाज."

"जाऊ दे की! मी काय चोरी केलीय?"

बाईंच्या टेबलाला चिकटून बडबडी उभी होती. वायरिंगच्या वर्गात तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. तिशी ओलांडलेली, पदरात दोन मुली. पहाटे बेकरीत पाव भाजायचे आणि मग पीठ झटकून वर्गाला यायचं. लिफ्ट दुरुस्तीच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती. सर्टिफिकेट हातात पडलं की रुजू. ते मिळवायचं तर अंतिम परीक्षेला बसायला हवं, आणि पोर्टल म्हणत होतं, ही बाई परीक्षेला अपात्र.

घोळ बाईंनीच घातला होता. पोरं त्यांना माघारी झटकाबाई म्हणत. तारेचा झटका परवडला, पण बाईंच्या जिभेचा नको. चाचण्या ऑनलाइन झाल्या तेव्हा कॉम्प्युटर निम्म्या वर्गाला पुरतील एवढेच होते. बाईंनी जोड्या लावल्या. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. वर्ग नुसता घुमायला लागला, बाई खूश. पण पोर्टल ओळखायचं फक्त लॉगिन करणाऱ्याला. बाकीच्या जोड्या आलटूनपालटून बसल्या, त्यांचं निभावलं. बडबडीला मात्र कीबोर्डची धास्ती. ती कायम सांगणारी, आणि टाइप करणारा तिचा जोडीदार, चष्मेवाला. शेवटी दोघांचे गुण आपण भरू, अशा भरवशावर बाई राहिल्या होत्या. आज भरायला गेल्या तर रकानाच बंद. संध्याकाळी पात्र लोकांची नावं आपोआप परीक्षा मंडळाकडे जाणार होती.

प्राचार्यांनी हात वर केले. "शेवटची चाचणी पुन्हा उघडता येते, पात्र ठरायला तेवढी पुरते, पण उघडली की सगळ्यांना. जुने गुण जातील पुसून. वर्ग तयार असेल तर उघडा. कुणी आपटलं तर माझ्या दारात यायचं नाही."

बाई वर्गात आल्या आणि आडवळण न घेता सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

चष्मेवाला ताडकन उठला. "माझे पैकीच्या पैकी आहेत, बाई. मी का पुसू?"

"तुझे? का तिचे?" मागून कुणीतरी बोललं. वर्ग खिदळला.

"गप्प बसा!" बाई कडाडल्या. "त्याचं म्हणणं बरोबर आहे. चूक माझी, भुर्दंड त्यानं का भरायचा? एकानं जरी नाही म्हटलं तरी मी उघडणार नाही."

बडबडी फरशीकडे बघत होती. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अर्थिंगचा प्रश्न मला आजही कळलेला नाही," तो पुटपुटला. "ही बोलली, मी ठोकलं. मी आपटलो तर?"

"इकडे ये," बडबडी म्हणाली. "मशीनच्या पत्र्यात करंट उतरला, तर तो कुठून जाणार? तुझ्या अंगातून. बरोबर? त्याआधी त्याला दुसरी सोपी वाट द्यायची. जमिनीत. आता तू सांग."

त्यानं सांगितलं. अडखळला. तिनं पुन्हा सांगायला लावलं, ओरडली, डोक्यात टपली मारायचीच तेवढी बाकी ठेवली.

"उघडा, बाई," तो शेवटी म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं. सगळ्यांचे गुण पुसले गेले.

पहिल्या पाळीत बडबडी बसली. टाइप करायला बोट एकच. पण त्याहून मोठी अडचण तोंडाची होती. प्रश्न वाचला की उत्तर तिच्या ओठांवर यायचं, आणि शेजारच्या दोघांनी आतापासूनच कान टवकारले होते.

"आवाज आला की मशीन बंद. तुझंसुद्धा," बाई म्हणाल्या.

बडबडीनं रुमाल काढला आणि दातात घट्ट धरला. मान डुलत होती, भुवया उडत होत्या, बोट एकेक अक्षर हुडकत होतं. बाई मागे उभ्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. एक अक्षर दाबून द्यावं अशी खाज सुटली होती. वरचा टायमर लाल झाला. शेवटचं उत्तर तीन शब्दांवर अडलं होतं.

"सोड ते, सबमिट कर," बाई दात खाऊन कुजबुजल्या.

तिनं नकारार्थी मान हलवली. अजून एक शब्द ठोकला, मग दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं.

पात्र. काठावर, पण पात्र.

बडबडीनं रुमाल काढला नि तोंड उघडलं, तोवर बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं होतं. "बाहेर जाऊन बोल काय बोलायचं ते. इथं अजून लोक बसायचेत."

चष्मेवाला त्याच खुर्चीत येऊन बसला. कपाळ घामानं भिजलेलं. बाईंनी पुन्हा हात पाठीमागे बांधले.

"करा लॉगिन. आपापलं. आणि तोंडं बंद."